उघडल्या दिवशी रंग सांगू नये

हे लिहिण्याचा मला अधिकार नाही, हे आधीच सांगतो आणि माफी मागतो. आपल्या मंडळाच्या अंकात लिहिणारी माणसं वाचलेली, जाणती असतात. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. उमरग्याला हायवेच्या कडेला आबांचं पंक्चरचं दुकान आहे. तिथं लिहिलेला शब्द एकच, टायरवर पांढऱ्या रंगानं काढलेला ‘हवा’. तोही आबांनी माझ्याकडून काढून घेतला होता. लेख कसा लिहितात ते मला माहीत नाही. पण एका बाईनं मला रंग सांगायला शिकवलं, आणि एक रंग सांगायचा राहून गेला आहे. तो कुठं ठेवावा ते कळेना, म्हणून इथं ठेवतो.

बंगळूरच्या बसवनगुडीत शेंगांची जत्रा पुन्हा भरली. कार्तिकातला शेवटचा सोमवार आला की देवळापासून उतरणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही कडांना शेंगांचे ढीग लागतात. ओल्या, वाळलेल्या, भाजलेल्या. माती आणि धूर यांचा मिळून एक वास सगळ्या पेठेत भरून राहतो. मी आता कोरमंगलात पीजीत राहतो, तरी बस पकडून आलो. ओल्या शेंगा घेतल्या. चालता चालता एक फोडली. आतल्या दाण्याची साल गुलाबी आणि तपकिरी यांच्या मधली, ओलसर, नुकताच रंग धरलेली. ती बोटावर घेऊन मी रस्त्याच्या मधोमध उभाच राहिलो. मागून ऑटोवाला ओरडला, “स्वल्प साइड, सर!” बाजूला झालो. साल मात्र टाकली नाही. रुमालात गुंडाळून खिशात ठेवली.

बंगळूरची थंडी म्हणजे काही मोठा ऋतू नाही. आमच्याकडे थंडीत चौकात टायर पेटतात, माणसं भोवती बसतात. इथं नुसती ओलसर सकाळ असते, मग दहाच्या सुमाराला एकाएकी धुतल्यासारखं ऊन पडतं. भाजीच्या हातगाडीवर अवरेकाईच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा येतात आणि त्यांचा तेलकट वास बोटांना दिवसभर राहतो. कॉलेजात परीक्षेच्या तारखा लागतात. आणि याच हवेत, गच्चीवरच्या हिरव्या जाळीखाली, घटपर्णीला नवे घट धरतात.

ज्यांनी घटपर्णी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. तिच्या पानाचं टोक पानापाशी संपत नाही. ते दोरीसारखं पुढं वाढत जातं, खाली वाकतं, आणि त्याच्या शेवटाला एक चपटी कळी येते. आठवडे जातात. कळी हळूहळू फुगते, आत आपोआप पाणी धरतं, आणि एका सकाळी तिचं झाकण उघडतं. मग तो पुरता घडा असतो. पोट, मान, गोल ओठ, वर झाकण. किडा ओठावर बसतो, घसरतो, आतल्या पाण्यात जातो. झाडाला तेवढंच खाणं लागतं.

हे ऐकून आबा फोनवर म्हणाले होते, “किडे खाणारं झाड? आन् त्याला तू पाणी घालतूस? तुला शिकायला धाडलंय का सर्कशीत?”

ते झाड माझं नव्हतं. शारदाक्कांचं होतं.

शारदाक्का माझ्या घरमालकीण. बसवनगुडीतल्या त्यांच्या घराच्या गच्चीवरची एक खोली मला मिळाली होती. त्यांचे लोक इतक्या पिढ्यांपूर्वी इथं आले की मूळ गाव कुठलं ते कुणालाच सांगता येत नव्हतं. घरात मराठी बोलायचे, पण ते मराठी ऐकून मी पहिल्या दिवशी गोंधळलो होतो.

“अक्का, तुमचं मराठी कुठलं?”

“बसवनगुडीचं. तुझं?”

“उमरग्याचं.”

“सरी. मग दोघांचंही खोटंच की रे. पुण्याचे कोणी ऐकले तर अळून जातील.” सरी म्हणजे बरं आणि अळणं म्हणजे रडणं, हे मला नंतर कळलं. त्या दिवसापासून त्यांनी माझं नावच ‘उमरगा’ ठेवलं. खालून हाक यायची, “ए उमरगा, टाकीत पाऊसपाणी किती आहे बघ!” या झाडांना नळाचं पाणी चालत नाही, बोअरचं तर नाहीच. पावसाचं पाणी टाकीत धरून ठेवायचं आणि थंडीभर पुरवायचं.

गच्चीवर पुष्कळ झाडं होती, पण मानाची दोन. एकीचे घट बसके, पोटाला सुटलेले, पोपटी अंगावर ठिपके. ती गुंडम्मा. दुसऱ्याचे उंच, सडपातळ, काळपट लाल. तो लांबण्णा. ही बाई आणि तो बाप्या हे अक्कांनी उगीच ठरवलेलं नव्हतं. घटपर्णीत नराचं झाड वेगळं, मादीचं वेगळं, आणि फुलोरा येईपर्यंत कोण काय ते कळत नाही. ही दोघं कैक वर्षं शेजारी शेजारी टांगलेली होती. मग एका वर्षी, मी येण्याच्याही आधी, दोघांना एकदमच फुलोरा आला. अक्कांनी कपाटातला जुना चित्रकलेचा कुंचला काढला आणि लांबण्णाचे पराग गुंडम्माला लावले. केसांसारखं बारीक बी धरलं. मी आलो तेव्हा त्या बियांची रोपं नखाएवढी होती. प्रत्येकाला मुगाएवढे घट, पण सगळे सारखेच दिसणारे. लहानपणी या झाडांची तोंडं एकसारखीच असतात. आईचा रंग घेतला की बापाचा, पोट कुणाचं, मान कुणाची, हे मोठा घट धरल्याशिवाय उमजत नाही, आणि त्याला वर्षं लागतात.

“मला एवढंच बघायचंय,” अक्का म्हणायच्या. “लग्न मी लावलं. पोर कसं निघालं ते बघायला नको?”

अक्कांना स्वतःचं मूल नव्हतं. नवरा लवकर गेला. त्यानंतर त्यांनी सासऱ्यांचं मॅचिंग सेंटर चालवलं. साडीला फॉल, ब्लाउजपीस, अस्तर जुळवून द्यायचं दुकान. रंगांची नावं त्यांच्या तोंडात अशी असायची जशी आमच्या आबांच्या तोंडात टायरची मापं. चिंतामणी, अंजिरी, आबोली, राणी, डाळिंबी, वांगी. दुकानातला त्यांचा एक नियम होता. ट्यूबलाइटखाली रंग जुळवायचा नाही. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, साडी आणि कापड दोन्ही घेऊन दाराशी उजेडात जायचं, कापडाची कड साडीच्या कडेला लावायची, आणि मगच कात्री. दुकान बंद झालं तरी नियम गच्चीवर आला. घटांचा रंग सकाळी दहाच्या उन्हातच बघायचा. एकाचा घट दुसऱ्याच्या शेजारी आणून बघायचा. उन्हातल्या कुंडीचे घट लाल आणि लहान, सावलीतल्या कुंडीचे मोठे आणि हिरवे. एकाच वेलाची दोन कलमं, पण बहिणी वाटाव्यात अशीही नाहीत. मला याचं नवल वाटायचं. एकच झाड, आणि कुठं ठेवलं त्यावर त्याचा चेहरा ठरतो. उमरग्याच्या मुलाला हे थोडं जास्तच समजत होतं.

मी सुरुवातीला काय काय केलं ते आठवलं की अजून हसू येतं. पावसाळ्यात नगरपालिकेचा माणूस घरोघर साचलेलं पाणी बघत आला. डेंग्यूचे दिवस. अक्का बाहेर गेल्या होत्या. मी जबाबदार विद्यार्थी. त्याला म्हटलं, काळजी करू नका, आणि गच्चीवरचा एक एक घट वाकडा करून सगळं पाणी ओतून दिलं. अक्का आल्या, बघितलं, आणि पायरीवरच बसल्या.

“अय्यो! पोटातलं पाणी काढलंस रे त्यांचं! आता जेवतील कशात?”

“डास होतील म्हणून…”

“डास त्यांचं जेवण आहे, उमरगा! तू पंगतीतली पानं उचललीस की!”

मग दोघंही हसलो. त्या रात्री त्यांनी मला सार दोनदा वाढलं.

गेल्या वर्षी जत्रेच्या सुमाराला त्यांचे डोळे बिघडले. एकदम नाही. डोळ्याच्या आतला पडदा झिजतोय म्हणाले डॉक्टर. यात कडेचं दिसत राहतं, नेमकं समोरचं, मधलं जातं, आणि रंग आधी फिके होतात. अक्का झाडाकडे तिरकं बघायला लागल्या. कोंबडी दाण्याकडे बघते तसं, मान एका बाजूला करून. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. एका सकाळी मला म्हणाल्या, “गुंडम्माला नवीन घट आलाय ना? कसा आहे रे?”

समोरच होता. मी म्हटलं, “लाल आहे.”

“लाल म्हणजे? बसचा लाल, कुंकवाचा लाल, की मिरचीचा?”

तेव्हा मला समजलं. आणि समजलं हे त्यांनाही समजलं. मी परत नीट बघितलं. इतकं नीट मी आयुष्यात काही बघितलं नव्हतं. “खाली पोपटी आहे,” मी म्हटलं. “वर येताना मळकट होत जातो. ठिपके… वाळलेल्या रक्तासारखे.”

“शी! अंजिरी म्हण की.”

“अंजिरी. आणि ओठ डाळिंबी. पण सगळा नाही. पट्टे पट्टे.”

“आता बरोबर. पट्टे जाड की बारीक?”

तो सगळा ऋतू असा गेला. सकाळी दहाचं ऊन आलं की मी घटापाशी, अक्का खुर्चीत. बोटांनी घटाचं पोट चाचपायच्या, मान मोजायच्या, झाकणाची मिजागर तपासायच्या. आकार त्यांचा, रंग माझा. साडीच्या नावात रंग बसला नाही तर म्हणायच्या, “मग तुझ्या गावचं काही सांग. तुझ्या गावाला रंग नाहीत काय?” मी सांगायचो. ट्यूबला लावायच्या सोल्युशनसारखा पिवळा. उसाच्या कांड्यावरच्या पांढुरक्या भुकटीसारखा. त्या ऐकून डोळे मिटायच्या. मला वाटायचं, मी जे बोलतोय ते कुणीतरी आत नेऊन ठेवतंय. कॉलेजात मी मागच्या बाकावर बसायचो, इंग्रजीत प्रश्न विचारायची भीती वाटायची. गच्चीवर मात्र माझ्या शब्दावर एक माणूस अवलंबून होतं. मी पहिल्यांदाच कुणाच्या तरी कामाचा होतो.

आणि एक गोष्ट त्यांनी तेव्हाच शिकवली. एकदा सकाळी लांबण्णाच्या घटाचं झाकण उघडलं होतं. मी धावत खाली गेलो. “अक्का, उघडला! ओठ फिका आहे, काकडीच्या गरासारखा!”

त्यांनी हात वर केला. “थांब. उघडल्या दिवशी रंग सांगू नये.”

“का?”

“तो त्याचा रंग नव्हे. ओठ पिकू दे. चार-पाच दिवस जाऊ दे. आज सांगितलंस तर माझ्या डोक्यात काकडीच बसेल, आणि मग तो डाळिंबी झाला तरी मला काकडीच दिसेल. मला काय पुन्हा बघता येणार आहे?”

घटपर्णी वाढवणारे सगळेच हे जाणतात. नवा ओठ मऊ आणि फिका असतो, दिवसांमागून दिवस तो कडक होतो, वळतो, खरा रंग धरतो. म्हणून ही माणसं उघडल्या दिवशीचा फोटोसुद्धा एकमेकांना पाठवत नाहीत. पण अक्कांसाठी तो नुसता रिवाज नव्हता. त्यांना एकदाच ऐकायला मिळणार होतं. पहिला ऐकलेला रंगच त्यांचा रंग होणार होता. मी शब्द दिला. पुढं कधीही पिकायच्या आधी सांगितलं नाही.

संक्रांतीनंतर धारवाडहून त्यांचा भाचा राघू आला आणि त्यांना घेऊन गेला. एकटीनं जिने चढणं आता शक्य नव्हतं. घर कुठल्याशा ऑफिसला भाड्यानं गेलं. धारवाडचा उन्हाळा या झाडांना सोसत नाही. मग शेवटच्या रविवारी गच्चीवर गावभरची झाडवेडी माणसं आली. एचएसआर लेआउटमधून एक जोडपं, जयनगरातले एक निवृत्त इंजिनिअर. या लोकांत झाड विकत नाहीत, वाटून देतात. एकाकडचं मेलं तर दुसऱ्याकडचं असावं म्हणून. गुंडम्मा एकीकडे गेली, लांबण्णा दुसरीकडे. दोघांना उचलताना अक्का लांबण्णाच्या टांगत्या दोरीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. रोपांपैकी तोवर एकच जगलं होतं. ते कुंडीसकट त्यांनी माझ्या हातात दिलं.

“मला नको अक्का, मरेल माझ्याकडून.”

“जास्त माया करू नको, नाही मरणार. पाणी पावसाचं दे. आणि पहिला खरा घट धरला की मला रंग सांग. मी तेवढ्यासाठी बसले आहे असं समज.”

“सांगेन.”

“काय म्हणून सांगशील? लाल म्हणून?”

“नाही अक्का.”

“सरी. मग जाते.”

त्यांच्या फोनवर राघूनं आवाजी निरोप ऐकायचं बटण अंगठ्याच्या सवयीचं करून दिलं होतं. मी पीजीच्या गच्चीवर, वाळत घातलेल्या बनियनांच्या मधून, रोपाची बातमी पाठवायचो. नवं पान आलं. दोर वाकला. टोकाला कळी धरली. उत्तर यायचं, “सरी. पुढं.” कधी नुसतं खोकून, “ऐकले.” एकदा मात्र लांब निरोप आला. म्हणाल्या, “धारवाडात सगळे माझ्याशी मोठ्यानं बोलतात रे. डोळे गेलेत, कान नाही, हे कुणाला कळत नाही. तू बरोबर बोलतोस.” मी तो निरोप अजून पुसलेला नाही.

यंदा पाऊस लांबला तशी कळीही रेंगाळली. मग जत्रेच्या आधी काही दिवस एका ओल्या सकाळी तिचं झाकण उघडलं. मी पीजीच्या गच्चीवर उकिडवा बसलो होतो. अंगठ्याएवढा घट. पोट गुंडम्माचं, यात शंकाच नाही, ऐसपैस. मान मात्र लांबण्णाची, उंच आणि ताठ. मला हसू येत होतं. हात पुसले आणि निरोप पाठवला. “अक्का, झाकण उघडलं. पोट आईचं आहे. मान बापाची.” एवढंच. ओठ फिका होता. तो मी सांगितला नाही.

निरोप ऐकल्याची खूण आली. उत्तर आलं नाही. मला वाटलं, त्याही थांबल्या आहेत.

मग रोज सकाळी दहाला मी त्या ओठापाशी. पहिल्या दिवसांत कड गुलाबी झाली. मग गुलाबी गडद झाला, पण डाळिंबी झाला नाही, अंजिरीही नाही. मी साडीची सगळी नावं लावून बघितली. एकही बसेना. परीक्षेचं पुस्तक मांडीवर असायचं आणि मी रंग शोधत असायचो. एवढ्या वर्षांनी निघालेलं पोर, आणि मला त्याचा रंग सांगता येऊ नये?

तो जत्रेत सापडला. ओल्या शेंगेच्या सालीत.

रुमालातली साल घेऊन मी दुसऱ्या दिवशी दहाच्या उन्हात घटापाशी गेलो. सालीची कड ओठाच्या कडेला लावली, मॅचिंग सेंटरच्या दारात लावायचे तशी. शिवण दिसू नये इतका रंग जुळला. मग शांतपणे, मोठ्यानं न बोलता, निरोप बोललो. “अक्का, ओठ पिकला. साडीत नाही हा रंग. ओल्या शेंगदाण्याच्या सालीचा आहे. जत्रेतल्या. पट्टे आहेत, बारीक, बापाच्या रंगाचे. पोट पोपटी, ठिपके आईचे. दोघांचंही आहे अक्का, आणि दोघांचंही नाही.”

एकच खूण आली. गेला, पण पोचला नाही. मी दिवसभर बघत राहिलो. फोन लावला, बंद. राघूचा नंबर माझ्याकडे नव्हता. वाटलं, फोन बिघडला असेल. वाटलं, चार्ज करायला विसरले असतील. पेपर दिले. आईनं फोनवर विचारलं, “बाईला सांगितलंस का रं रंग?” मी म्हटलं, सांगितला, पोचला नाही अजून.

परवा संध्याकाळी अक्कांच्या नंबरवरून फोन आला. मी “अक्का!” म्हणून ओरडलोच. पलीकडे पुरुषाचा आवाज.

“मी राघू. भाचा त्यांचा. फोन आज चालू केला, तुमचा निरोप आला, म्हणून लावला. अत्त्या गेली. जत्रेच्या आदल्या दिवशी. छातीत कफ भरला होता, आठवडाभर दवाखान्यातच होती.”

तो म्हणाला, “आहात काय?” मी हो म्हटलं.

“तुमचा तो झाकण उघडल्याचा निरोप तिथं खाटेवर तिला ऐकवला. दोनदा लाव म्हणाली. मी म्हटलं, अत्त्या, ह्यानं रंग सांगितलाच नाही की, फोन लावून विचारू काय? तर हात वर केला. बेडा, म्हणाली, नको. स्वल्प हसलीसुद्धा. ‘आज नाही सांगणार तो. थांबलाय. थांबू दे त्याला.’”